आपणहून थांबलेल्या गाड्या

माझा एक मित्र आमच्याच संस्थेत गणित शिकवायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका संध्याकाळी तो स्कूटरवरून धारवाडहून हुबळीला निघाला आणि रस्त्यात उभ्या असलेल्या एका ट्रकवर मागून आदळला. ट्रकचा मागचा दिवा गेलेला होता. मागच्या फाळक्यावर लाल पट्टीसुद्धा नव्हती. ड्रायव्हर पुढच्या चाकाशी बसून पंक्चर काढत होता. आवाज झाला तेव्हा आपलाच दुसरा टायर फुटला असं त्याला वाटलं, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. ते खोटं नसावं.

मी त्या संस्थेत मोटारगाड्यांचं काम शिकवत असे. मित्र गेल्यावर कितीतरी महिने मला दुसरं काही सुचत नव्हतं. रस्त्यानं जाताना मी प्रत्येक ट्रकच्या मागचे दिवे बघायचो आणि बंद दिवे मोजायचो. शेवटी आमच्या गल्लीतल्या अण्णांनी मला विचारलं, "नुसतं मोजून काय करतासा?"

अण्णांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला होता. कारवार, मंगळूर, गोवा, सोलापूर, सगळे रस्ते त्यांना पाठ होते आणि रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर त्यांना ओळखत. ते म्हणाले, "पोलीस थांबवतात तेव्हा ड्रायव्हर कागद दाखवतो, गाडी दाखवत नाही. आपण गाडी बघू. पण तीन गोष्टी आधी ठरवायच्या. पोलीस नको. कागद नको. आणि मालकाला निरोप नको. हे पाळलं तर ड्रायव्हर थांबेल. एकदा मोडलं तर परत थांबणार नाही."

मी हो म्हणालो. त्या वेळी त्यात अवघड काय आहे हेच मला कळलं नव्हतं.

हुबळी संपते तिथं, कारवार रोडवर, एका वजनकाट्याशेजारी आम्ही दर रविवारी सकाळी टेबल मांडायला लागलो. तिथून खाली जाणाऱ्या गाड्या कलघटगी, यल्लापूर करत अरबैलच्या घाटात उतरायच्या. घाट यायला ट्रकला तीनेक तास लागत. म्हणजे एखाद्या गाडीचे ब्रेक ढिले आहेत हे आम्हाला सकाळी नवाला कळलं, तर बारापर्यंत ती गाडी उतारावर असणार. हा हिशेब माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. रविवारी दुपारी जेवायला बसलो की मी घड्याळाकडे बघायचो.

थांबणाऱ्याला चहा. तो चहा पीत असताना मी गाडीखाली शिरून ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, हवेच्या नळ्या बघायचो, जमेल ते घट्ट करून द्यायचो. अण्णा हातोडीनं टायर वाजवत फिरायचे आणि फाळक्यावर लाल पट्ट्या चिकटवायचे. वर्षभरानं माझ्या मित्राची बायको आमच्यात आली. त्या डोळ्यांच्या डॉक्टर. हुबळीत त्यांचा छोटा दवाखाना होता. मी त्यांना वहिनी म्हणत असे. एका रविवारी त्या अक्षरांचा तक्ता घेऊन रिक्षातून उतरल्या आणि म्हणाल्या, "गाडीचे दिवे बघता, माणसाचे कोण बघणार?" तक्ता झाडाच्या बुंध्याला टांगला गेला. मित्राचा विषय आमच्यात निघत नसे.

अळणावरजवळच्या एका खेड्यातला एक ड्रायव्हर अगदी पहिल्यापासून आमच्याकडे थांबायचा. पंचेचाळिशीचा, सडपातळ, खाकी शर्ट नेहमी धुतलेला. जाताना कांदा-मिरची आणि येताना कौलं, अशी त्याची फेरी होती. गाडी त्याची नव्हती, पण त्यानं ती स्वतःच्या जनावरासारखी ठेवली होती. मला तिच्यात कधी काही सापडायचं नाही. तो हसून म्हणायचा, "बगा की सर, नीट बगा. तुमी बगितलं की मला घाट सोपा जातो."

त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ असायचा, त्याच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. सामान बांधायचं, ताडपत्री ओढायची, आणि गाडी सुटली की डाव्या खिडकीशी बसायचं, हे त्याचं काम. गाडी रस्त्याला लागताना त्याचा आवाज आमच्यापर्यंत यायचा. "डाव्या अंगाला सायकल. म्हैस हाय. पोरं हाईत, पोरं. आता मोकळं." सगळेच क्लीनर गाडी मागे घेताना ओरडतात. हा सरळ रस्त्यावरही ओरडायचा. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नव्हता.

वहिनी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी त्या ड्रायव्हरनं डोळे दाखवले. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यानं न अडखळता वाचली आणि विचारलं, "खाली छापखान्याचं नाव हाय, ते पण वाचू काय?" आम्ही सगळे हसलो. वहिनीही हसल्या. मग त्यांनी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं, उजवा डोळा हातानं झाकायला सांगितला आणि म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा. बाजूनं बोट आणते. दिसलं की सांगा."

त्यांनी त्याच्या डाव्या कानाच्या बाजूनं बोट हलवत पुढं आणायला सुरुवात केली. बोट गालाच्या रेषेत आलं. त्याच्या डोळ्याच्या समोर यायला चार बोटं उरली. तो शांतपणे वहिनींच्या नाकाकडे बघत होता.

मग म्हणाला, "कधी सुरू करनार, बाई?"

अण्णांची हातोडी थांबली. चुलतभावानं मान खाली घातली आणि तो ताडपत्रीची दोरी उगाच सोडून परत बांधायला लागला.

वहिनींनी त्याला झाडापलीकडे नेऊन बराच वेळ समजावलं. तो काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ संपलेली, उजव्याची जायला लागलेली. गेलं ते परत येत नाही, थेंब घातले तर उरलेलं टिकेल. समोरचं स्वच्छ दिसत असल्यामुळे त्याला स्वतःलाच ते नीट उमगलेलं नव्हतं, निदान तो तसं म्हणत होता. जड गाडी आता चालवू नका, असं वहिनींनी स्पष्ट सांगितलं. त्यानं थेंबांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "कुनाला सांगनार न्हाई न्हवं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या-माझ्यातच राहील."

आम्ही तर समोरच होतो. त्यानं आमच्याकडेही बघितलं. अण्णांनी मान हलवली. मग मीही हलवली.

त्या दिवशी टेबल आवरताना मी वहिनींशी भांडलो. म्हणालो, तुमच्या घरात झालंय ते विसरलात काय? बोलून गेल्यावर मला लाज वाटली. त्या तक्ता गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "विसरले नाही, भावजी. पण माझ्यासमोर डोळा उघडून बसलेल्या माणसाला फसवायचं, हे मला जमणार नाही. तो दवाखान्यात येईल. मी त्याला गाडीवरून उतरवीन. वेळ लागेल."

अण्णा म्हणाले, "भाऊ बसतो की डावीकडं. तोवर चालेल."

तो दवाखान्यात गेला, थेंबही घालू लागला, पण गाडीवरून उतरला नाही. दर रविवारी थांबायचा. मी नेहमीसारखा गाडीखाली शिरायचो. ब्रेक उत्तम, टायर उत्तम, एकही नट ढिला नाही. बाहेर येऊन "सगळं ठीक आहे" म्हणताना मी हात पुसत खाली बघायचो. गाडी सुटली की मी काम सोडून तो आवाज ऐकत उभा राहायचो. डाव्या अंगाला सायकल. डाव्या अंगाला बैलगाडी. आता मोकळं.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी डावी खिडकी रिकामी होती. चुलतभावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, त्याला दोन-तीन महिने गाडीवर चढायचं नव्हतं.

"मग दुसरं कुणी?" मी विचारलं.

"मालक म्हनाला, रस्ता पाठ हाय, एकटा जा." त्यानं चहाचा पेला ठेवला. "आनि खरंच पाठ हाय सर. कुठं शाळा, कुठं पूल, डोळं मिटून सांगतो."

त्याला आपण काय बोललो ते कळलं नाही. अण्णांना कळलं. गाडी सुटल्यावर ते ती गेली त्या दिशेला बघत राहिले आणि कन्नडमध्ये स्वतःशीच म्हणाले, "रस्त्यावरची माणसं पाठ नसतात."

त्यापुढच्या रविवारी मी गाडीखाली जायच्या आधी डाव्या बाजूनं फेरी मारली. काही नव्हतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात डावा आरसा तडकलेला होता. "फांदी लागली," तो म्हणाला. मग हौद्याच्या फळ्यांवर हातभर लांब निळा ओरखडा दिसला. बसचा असावा. मग पुढच्या बंपरचा डावा कोपरा आत गेला. दर वेळी त्यानं तेवढी दुरुस्ती करून घेतलेली असायची, रंगसुद्धा मारलेला असायचा. ताज्या रंगाचे ते तुकडे डावीकडेच वाढत होते. उजवी बाजू आरशासारखी स्वच्छ होती.

मी त्याला दोनदा बाजूला घेऊन बोललो. पहिल्यांदा त्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "सर, तुमी ब्रेक बगा."

संक्रांतीच्या आसपासचा रविवार होता. ताडपत्रीची दोरी अडकवायला हौद्याला लोखंडी हूक असतात. डावीकडच्या मागच्या हुकाला कापडाची चिंधी अडकलेली होती. चौकड्याची लुंगी असते तसलं कापड, वीतभर, कडेला फाटलेलं. मी ती सोडवून हातात घेतली. धुळीनं कडक झाली होती.

"हे काय आहे?"

तो जवळ आला. हुकाकडे बघायला त्याला मान पूर्ण वळवावी लागली. त्यानं चिंधी बघितली. मग म्हणाला, "काटेरी झाड असंल कुठंतरी."

"झाडाला लुंगी?"

तो गाडीवर चढला आणि निघून गेला. मी ती चिंधी वहिनींच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुढचे तीन दिवस मी हुबळीत मिळतील ती सगळी वर्तमानपत्रं, मराठी-कन्नड दोन्ही, चाळली. कारवार रोडवर सायकलवाला, पादचारी, कुणी पडल्याची बातमी नव्हती. पण खेड्यातल्या माणसाला धक्का लागून तो घरी जाऊन झोपला, तर त्याची बातमी कोण छापतो?

गुरुवारी रजा टाकून मी अळणावरच्या बसमध्ये बसलो. चुलतभाऊ ओसरीवर बाजेवर पडला होता. मला बघून उठायला लागला, मी त्याला बसवलं. चिंधीचं सांगितलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

"साडेतीन वर्सं मी डावीकडं बगत आलोय सर," तो म्हणाला. "आता झोपेत पन मान डावीकडंच वळते. बायको उठवती, म्हनती ओरडू नका."

"त्याला उतरवा गाडीवरून."

"ऐकनार न्हाई. मालकाला सांगितलं तरच उतरंल. आनि ते मला जमनार न्हाई, भाऊ हाय तो." मग त्यानं माझा हात धरला. "तुमी सांगा. माझं नाव कळू देऊ नका."

परतीच्या बसमध्ये मी ठरवून टाकलं. अण्णांना विचारलं नाही, वहिनींना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते हे मला माहीत होतं.

मालकाची कचेरी कमरीपेठेत होती, एका पत्र्याच्या कपाटांच्या दुकानावर. मी पाच मिनिटांत सगळं सांगितलं. मालक शांतपणे ऐकत होता. "लायसन तर आत्ताच नवं झालं त्याचं," म्हणाला. मी बोटाची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र त्यानं फोन उचलून कुणाला तरी सांगितलं, गाडी आली की चावी वर आणा. मला हायसं वाटलं. मी उठायला लागलो तेवढ्यात त्यानं चहा मागवला आणि खुर्ची पुढं ओढली.

"तुमच्याकडं सगळेच थांबतात म्हणे. बाकीच्यांचं काय काय ठाऊक हाय तुम्हाला? माझ्या अजून पाच गाड्या हाईत."

मी चहा न घेता जिना उतरलो. आपण काय उघडून ठेवलं, ते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

रविवारी तो ड्रायव्हर बसनं आला. वजनकाट्याजवळ उतरला आणि चालत आमच्या टेबलापाशी आला. सहा-सात गाड्या उभ्या होत्या, ड्रायव्हर चहा पीत होते. तो ओरडला नाही. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "सर, मला पोलिसांनी थांबवलं न्हवतं. मी आपनहून आलतो." मग तेच त्यानं कन्नडमध्ये म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून. "नानागे बंदिद्दे."

मी म्हणालो, "ती चिंधी कुणाची होती?"

तो माझ्याकडे एकटक बघत राहिला. त्याची ती नजर समोर बघायला अजून अगदी चांगली होती.

"तेच मला ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "तुमाला काय वाटतं, मला झोप लागती?"

परतीची बस येईपर्यंत तो रस्त्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून उभा होता. चहा पिणाऱ्यांपैकी दोघांनी पेले अर्धेच ठेवले आणि गाडीखालचं माझं काम पुरं व्हायच्या आत मला बाहेर यायला सांगितलं. टेबल आवरताना अण्णा एवढंच म्हणाले, "तुम्ही आधी मला सांगायला हवं होतं. मी त्याला घेऊन तुमच्याकडं आलो असतो. तिघं मिळून गेलो असतो मालकाकडं, त्याच्यादेखत."

हे मला सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दोन गाड्या थांबल्या. त्याच्या पुढच्या रविवारी एक. मग एकही नाही. अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहून हात करायचे. ओळखीचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून जायचे, काही जण तेवढंही करायचे नाहीत. वहिनी खुर्चीवर पुस्तक उघडून बसायच्या, पान उलटायच्या नाहीत.

शेंगदाण्याची पोती घेऊन खाली जाणारा एक ड्रायव्हर होता. मोठ्यानं बोलणारा, पान खाणारा. गाडी त्याची स्वतःची, पण फार जुनी. तिचे मागचे ब्रेक सारखे ढिले व्हायचे. दर पंधरा दिवसांनी मी ते घट्ट करून द्यायचो, आणि नवे लायनर घाल म्हणून त्याला रागवायचो. "पुढच्या महिन्यात नक्की, मास्तर," हे त्याचं ठरलेलं. तोही थांबेना. पहिल्या रविवारी सरळ निघून गेला. दुसऱ्या रविवारी त्यानं स्टिअरिंगवरून हात उचलला, आमच्याकडे बघून हसल्यासारखं केलं, आणि हात परत खाली ठेवला. तिसऱ्या रविवारी मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. त्यानं मला वळसा घालून गाडी नेली. मागच्या चाकातून ढिल्या ब्रेकचा खडखडाट येत होता. मी ओरडलो, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नसावं.

लगेच दुसऱ्या दिवशी, सोमवारी, अण्णा आमच्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभे राहिले. मुलं इंजिन खोलत होती. अण्णांनी मला बाहेर बोलावलं. घाटात, तिसऱ्या वळणावर. आदल्या दिवशी दुपारी. मागून येणाऱ्यानं सांगितलं, ब्रेक लागलेच नाहीत. एकटाच होता गाडीत, गेला.

आम्ही दोघं मंगळवारी घाटात गेलो. गाडी पन्नासेक फूट खाली झाडांना टेकून एका कुशीवर पडली होती. शेंगदाणे उतारभर सांडलेले, आणि माकडं ते वेचत होती. मी खाली उतरायला लागलो तेव्हा अण्णांनी माझी बाही धरली.

"आता बघून काय करणार?"

मी बाही सोडवून घेतली. खाली जाऊन मागच्या चाकाशी बसलो आणि ब्रेकच्या दांड्याला हात घातला. तो पार शेवटाला गेला होता. दाबला असता तरी ब्रेक चाकापर्यंत पोचला नसता. एवढं घट्ट करायला मला दहा मिनिटं लागली असती. मी किती वेळ तिथं बसलो होतो ठाऊक नाही. वर रस्त्यावरून गाड्या गिअर बदलत उतरत होत्या, आणि प्रत्येकीचा आवाज मी ऐकत होतो.

त्यानंतर आम्ही टेबल मांडलं नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. रविवार आला आणि कुणी निघालं नाही. अण्णा दुसऱ्या वर्षी गेले. झोपेतच गेले. त्यांच्या मर्तिकाला रस्त्यावरचे पुष्कळ ड्रायव्हर आले होते. माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि कुणी मुद्दाम टाळलंही नाही.

वहिनींना मी एकदाच विचारलं, माझं चुकलं का. त्या म्हणाल्या, "जो वाचला असेल तो कोण, हे आपल्याला कधी कळणार नाही, भावजी. गेला त्याचं घर मात्र मला माहीत आहे. त्याच्या आईचे डोळे मी तपासते." एवढं बोलून त्या पुढच्या रुग्णाला बोलवायला उठल्या.

काही वर्षांनी, तेव्हा आम्ही हुबळीतच उणकलला राहायला गेलो होतो, माझ्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं म्हणून मी वहिनींच्या दवाखान्यात गेलो. बाकावर जागा मिळाली तिथं बसलो आणि मग पलीकडे बघितलं. तो होता. केस पिकलेले, शर्ट तसाच धुतलेला. धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात गोदामावर काम करतो, थेंब नेमानं घालतो, उजवा डोळा टिकून आहे, एवढं मला वहिनींकडून कळलं होतं. मी नेमका त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो. आमच्यात हातभर अंतर होतं.

मी बोलणार होतो. काय बोलायचं ते जुळवत राहिलो. तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता, आणि मी शेजारी आहे हे त्याला कळलेलं नव्हतं. एकदा त्यानं मान माझ्या बाजूला वळवायला सुरुवात केली, तेव्हा मी श्वास रोखून बसलो. तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, बाकाच्या कडेला हात लावत सरळ आत गेला.

मी माझी पाळी यायच्या आधीच उठलो आणि बसस्टॉपवर आलो.